सोमवारचे शिंपले

आमच्या प्रयोगशाळेत कोणीही नवीन माणूस आला की काकू आधी त्याला हात पुढे करायला लावत. शाळेत बाई नखं तपासतात तसं. मग वाकून वास घेत, "क्रीम," म्हणत आणि पाहुण्याला बेसिनकडे पिटाळत. एकदा परगावचे एक बडे प्राध्यापक आले होते, केस अगदी चापूनचोपून बसवलेले. काकूंनी त्यांना दारातच अडवलं. "तुम्ही तिथूनच बघा. तुमच्या डोक्यावर जे चोपडलंय ते माझ्या माकुळात यायला नको." आमच्या साहेबांचा चेहरा असा झाला की मी धावत स्टोअरमध्ये गेले आणि खोक्यांच्या आड उभी राहून पोटभर हसून आले.

काकू म्हणजे आमच्याकडच्या वरिष्ठ तंत्रज्ञ. त्या सगळ्यांच्याच काकू. साहेब त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे, पण तेही काकूच म्हणत. त्यांचं टेबल चरबीचं आणि शेजारचं माझं टेबल प्रथिनांचं. एकोणीस वर्षं आम्ही एका बेसिनवर भांडलो, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहायचा हक्क माझा आहे आणि ज्यांना तो मान्य नाही त्यांनी स्वतः लिहावं.

काम ऐकायला भारी, करायला चिकट. माणसं समुद्रातलं जे जे खातात, म्हणजे शिंपले, कालवं, माकूळ, गोगलगायी, त्यांच्या अंगात कोणकोणती फॅटी अ‍ॅसिडं आहेत ते शोधायचं. शिंपला चाकूने उघडायचा, आतलं मांस खरवडून काढायचं, त्याचा लगदा करायचा, त्यात क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल ओतून घुसळायचं. चरबी खालच्या थरात उतरते. ती वेगळी काढून तिच्यावर आणखी दोन-तीन सोपस्कार करायचे आणि शेवटी बारीक सिरिंजने एक थेंब यंत्रात सोडायचा. पाऊण तासाने यंत्र एक लांबलचक कागद बाहेर टाकतं. त्या कागदावर रेघ आणि रेघेला टोकं. एक टोक म्हणजे एक अ‍ॅसिड. आमच्या फ्रीजवर मोठ्या अक्षरांत 'खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत' असं लिहिलेलं होतं आणि आत फक्त खाण्याचेच पदार्थ असत.

टोकांपैकी दहा-बारा नेहमीची. प्रत्येक प्राण्यात तीच. काकूंना त्यांच्यात काडीचा रस नव्हता. त्या म्हणत, "लग्नाच्या फोटोत पुढच्या रांगेत कोण बसलंय ते सगळ्यांनाच कळतं. मागे खांबाआड कोण उभा आहे ते सांग की." खांबाआडची म्हणजे वेगळ्या बांध्याची अ‍ॅसिडं. कुणाच्या साखळीत कार्बनची संख्या विषम, कुणाला शेपटीपाशी फाटा फुटलेला. ती अगदी थोडी असतात, टोकं बुटकी असतात, आणि बोटाला लागलेल्या घामानेसुद्धा तशी टोकं उगवतात. म्हणून काकूंनी एकतीस वर्षं केसांना तेल लावलं नाही, हाताला काही चोळलं नाही. सख्ख्या पुतणीच्या लग्नात त्या अशा कोरड्या ठणठणीत चेहऱ्याने उभ्या होत्या की नवऱ्याकडच्यांना वाटलं ह्यांना स्थळ पसंत नव्हतं.

आणि त्यांची कोरी बाटली. प्रत्येक खेपेला सहा बाटल्यांत सहा शिंपले आणि सातवी बाटली रिकामी. तिच्यातही तेच क्लोरोफॉर्म, तेच घुसळणं, तेच तापवणं, फक्त शिंपला नाही. तिच्या कागदावर रेघ सरळ आली पाहिजे. एक जरी टोक दिसलं तरी घाण कुठून तरी आली आहे असं समजून काकू सातही बाटल्या ओतून देत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. "काय काकू, आज काहीच नाही त्यात काय काय सापडलं?" मी रोज विचारायचे. त्या रोज म्हणायच्या, "तुझी अक्कल. तीही नव्हती."

पण ह्या बाईचं एक दुखणं होतं आणि ते मला ठाऊक होतं. साहेबांचे चौऱ्याऐंशी शोधनिबंध छापून आले. चौऱ्याऐंशींच्याही शेवटी बारीक अक्षरांत एकच ओळ: 'तांत्रिक साहाय्याबद्दल कर्मचारीवर्गाचे आभार.' कर्मचारीवर्ग म्हणजे काकू, फरशी पुसणारे मामा आणि मी. एकदा फ्लास्क विसळता विसळता काकू म्हणाल्या, "एकदा माझं नाव वर यायला हवं गं. शीर्षकाच्या खाली, त्यांच्या शेजारी. एकदाच. मग खुशाल घरी बसेन." त्यांचा आवाज चेष्टेचा नव्हता, म्हणून मीही चेष्टा केली नाही. निवृत्तीला तेव्हा दीड वर्ष राहिलं होतं.

आता काका. काका म्हणजे काकूंचा नवरा. कारखान्यात छत्तीस वर्षं लेथवर उभे राहिलेले आणि निवृत्त झाल्यावर बसायचं कसं हेच न कळलेले. घरात धार असलेली प्रत्येक वस्तू त्यांनी ताब्यात घेतली. विळ्या, सुऱ्या, कात्र्या संपल्या तशा शेजाऱ्यांच्या आणल्या. समोरच्या शिंप्याची कात्री त्यांनी इतकी तेज करून दिली की त्याने पहिल्याच दिवशी कापडाबरोबर टेबलावरची चादरही कापली. काकूंचा शिंपले उघडायचा चाकूही मग ओघाने काकांकडेच गेला. शनिवारी काकू तो वर्तमानपत्रात गुंडाळून घरी न्यायच्या, रविवारी काका धार लावायचे, सोमवारी चाकू पुन्हा टेबलावर. प्रयोगशाळेतून घरी जा-ये करणारी ती एकच वस्तू.

काकूंच्या निवृत्तीच्या वर्षी मार्चच्या शेवटी खाडीच्या चिखलातले शिंपले आले आणि त्यांच्या कागदावर, नेहमीची टोकं संपतात त्याच्याही पुढे, सहा-सात अनोळखी टोकं उभी राहिली. काकूंनी कोरी बाटली बघितली. रेघ सरळ. पुढच्या सोमवारी पुन्हा केलं. पुन्हा टोकं, आणि कोरी बाटली स्वच्छ. मग त्यांनी कागद साहेबांकडे नेला.

साहेबांविषयी एवढंच सांगते की त्यांना सिद्धांत सुचायला नमुना लागत नसे. कागद हातात धरल्यापासून चौथ्या मिनिटाला त्यांचा सिद्धांत तयार होता: चिखलाच्या तळाशी एक विशिष्ट जिवाणू राहतो, तो ही अ‍ॅसिडं बनवतो, शिंपला तो जिवाणू खातो. थेंब दुसऱ्या संस्थेतल्या मोठ्या यंत्राकडे गेला. तिथून उत्तर आलं की होय, ही लांब साखळीची, शेपटीला फाटा असलेली अ‍ॅसिडं आहेत आणि शिंपल्यात इतकी लांब आजवर कुणाला मिळालेली दिसत नाहीत. हे उत्तर अक्षरशः खरं होतं. ती कुणाची आहेत असं त्या यंत्राला कुणी विचारलंच नव्हतं.

साहेब हवेत. निबंध लिहायला घेतला आणि एका दुपारी ते आमच्या खोलीत येऊन म्हणाले, "काकू, ह्यात तुमचं नाव दुसरं. माझ्यानंतर लगेच." काकूंनी हातातला फ्लास्क विसळला. मग तोच परत विसळला. चौथ्यांदा विसळायला लागल्या तेव्हा मी तो हातातून काढून घेतला. साहेब जरा घुटमळले आणि म्हणाले, "ते... तुमचं पूर्ण नाव काय?" एकतीस वर्षं! मला इतकी तिडीक आली की मी काहीतरी बोलणार होते, पण काकूंनी मान खाली घालून, शाळकरी पोरीसारखं, मोठ्या अक्षरांत नाव लिहून दिलं. निबंध गेला, स्वीकारला गेला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात छपाईआधीचा मसुदा तपासायला आला. वर शीर्षक, खाली साहेबांचं नाव, त्याच्या शेजारी काकूंचं. साहेब नऊ दिवसांनी परिषदेत तो वाचणार होते आणि महिनाअखेर काकू निवृत्त होणार होत्या. काकूंनी मसुद्याची एक प्रत आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवली. दिवसातून सहा वेळा त्या ड्रॉवरमधून पेन्सिल काढायच्या. चरबीच्या टेबलावर इतक्या पेन्सिली कधी लागल्या नव्हत्या.

मसुद्यातले आकडे नोंदवहीशी ताडून बघायचं काम साहजिकच काकूंकडे आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर त्या कोट घालून, नोंदवही पसरून, काहीच न करता बसलेल्या. काहीच न करणाऱ्या काकू मी पाहिल्या नव्हत्या.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "ही टोकं. पहिल्या शिंपल्यात उंच, दुसऱ्यात त्याहून कमी, सहाव्यात जेमतेम. प्रत्येक खेपेला असंच."

"बरं मग?"

"मग त्या शिंपल्यांना कुठे माहीत असतं की मी कोणाला आधी उघडणार आहे? आणि हे बघ. खडकावरचे काळे शिंपले. ते चिखलात राहतच नाहीत, तरी त्यांच्यातही आहे. आणि गुरुवारी केलेले चिखलातले. त्यांच्यात नाही."

"गुरुवारच्या खेपेला यंत्र बिघडलं होतं म्हणाले ना साहेब."

"चार गुरुवार? दर गुरुवारी बिघडतं आणि सोमवारी आपोआप बरं होतं?" काकूंनी वही मिटली. "सोमवारचे शिंपले वेगळे आणि गुरुवारचे वेगळे. समुद्रात वार कधीपासून पाळायला लागले?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"सोमवारी इथे वेगळं काय असतं?" त्यांनी विचारलं.

"साहेब उशिरा येतात."

"मस्करी पुरे. द्रावणं तीच. बाटल्या त्याच. माझे हात तेच." त्या एकेक बोट मुडपत होत्या. चौथ्या बोटाशी थांबल्या. "चाकू," त्या म्हणाल्या. "चाकू सोमवारी घरून येतो."

आम्ही दोघी त्या चाकूकडे बघत राहिलो. एवढासा, आखूड पात्याचा, लाकडी मुठीचा. काकू तो साबणाने आणि पाण्याने धुवायच्या, स्वयंपाकघरातली सुरी धुतात तसा. बाकी प्रत्येक काचेला तीन द्रावणांची आंघोळ, आणि चाकूला नुसता साबण. कारण तो घरचा. आणि कोऱ्या बाटलीत शिंपलाच नसतो म्हटल्यावर तिथे चाकू लागणार कशाला? तिची रेघ सरळच येणार. अख्ख्या जगाच्या हातांचा वास घेणाऱ्या बाईने घरच्या माणसाच्या हाताचा घेतला नव्हता.

"रविवारी घरी ये," काकू म्हणाल्या. "आणि तोंड उघडायचं नाही."

रविवारी गेले. स्वयंपाकघरामागच्या छोट्या गॅलरीत काकांचा कारखाना होता: एक बुटका स्टूल, दोन दगड, पाण्याचा वाडगा, भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या शेजाऱ्यांच्या कात्र्या. काका मला बघून खूश झाले. प्रेक्षक मिळाल्यावर त्यांचं तोंड सुरू झालं. पातं किती अंशांत धरायचं, पाणी किती घ्यायचं, हल्लीच्या लोकांना दगडाची जात कशी कळत नाही. वीस मिनिटं त्यांनी चाकू घासला. मग वर्तमानपत्राची पट्टी हवेत धरून कापून दाखवली. काकू दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. आतापर्यंत चरबीचा मागमूस नव्हता आणि मला वाटलं, सुटलो.

मग काकांनी स्टूलखालून एक चपटा डबा काढला. झाकण उघडलं. आत पिवळट, घट्ट, मलमासारखं काहीतरी. भिजलेल्या मेंढीचा वास आला. मी भिजलेली मेंढी जवळून पाहिलेली नाही, पण तो वास दुसऱ्या कशाचा असणं शक्य नव्हतं.

"हे काय?" काकूंनी विचारलं. आवाज अगदी साधा.

"लोकरीची चरबी. लोकर धुताना निघते ती. आमच्या कारखान्यात अवजारांना हीच लावायचो, पाण्याने निघत नाही, गंज म्हणून चढत नाही." काकांनी अंगठ्याने ती पात्यावर पातळ पसरली, मग फडक्याने पुसून टाकली. पातं पुन्हा कोरडं, स्वच्छ दिसायला लागलं. "तू नाही का मार्चमध्ये म्हणालीस, खाऱ्या पाण्याने पातं गंजतंय म्हणून? तेव्हापासून लावतो. आता गंजला का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "छान राहिलाय."

त्यांनी चाकू वर्तमानपत्रात गुंडाळला, आणि त्या डब्यातलं नखभर एका काचेच्या बाटलीत घेतलं. काकांनी विचारलं कशाला, तर म्हणाल्या, "साहेबांना दाखवते. त्यांनाही गंज चढलाय." काका मोठ्याने हसले. मला मात्र हसता आलं नाही.

सोमवारी त्यांनी तो नखभर मलमाचा नमुना यंत्रात सोडला. पाऊण तासात काकूंनी शिंपल्यांचा जुना कागद काढून ठेवला. कागद बाहेर आला. काकूंनी तो शिंपल्याच्या कागदावर ठेवून खिडकीच्या काचेवर धरला. सहा-सातही टोकं एकावर एक बसली. कुठे केसाइतकाही फरक नव्हता. साहेबांचा चिखलातला जिवाणू, त्यांचा सिद्धांत, परिषद, सगळं एका मेंढीच्या पाठीवरून आलेलं होतं.

आता मी काय म्हणाले ते प्रामाणिकपणे सांगते. मी म्हणाले, "काकू, गप्प बसा." मी दार लावून घेतलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. "पाच दिवस राहिलेत. निबंध छापून येईल. महिनाअखेर तुम्ही घरी. ह्या जगात चिखलातल्या शिंपल्यांची शेपटी कोण परत मोजायला बसलंय? तुमचं नाव आलंय. ते जाईल."

"माहीत आहे मला ते जाईल."

"एकतीस वर्षं फुकट राबलात. एकदा मेंढीने साथ दिली तर घ्या ना!"

काकू माझ्यावर इतक्या मोठ्याने कधीच ओरडल्या नव्हत्या. "मी लोकांच्या हातांचे वास घेत फिरले! त्या प्राध्यापकाला दारात उभं केलं! आणि आता स्वतःची घाण झाकून ठेवू? मग ती सातवी बाटली काय शोभेला लावत होते?" ओरडून झालं आणि त्या स्टुलावर बसल्या आणि रडल्या. नाक पुसायला रुमाल पुढे केला तर तोही आधी हुंगला. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, दया आली आणि हसू आलं, तिन्ही एकदम. पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे हे मला कळत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

त्या दोन्ही कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. मी मागोमाग गेले, कारण साहेब काय बोलतील ह्याचा भरवसा नव्हता. साहेबांनी कागद उजेडात धरले, टेबलावर ठेवले, पुन्हा धरले. आधी त्यांनी दुसरा सिद्धांत मांडायचा प्रयत्न केला. "असं बघा काकू, मेंढीत आहेत म्हणून शिंपल्यात नसतीलच असं नाही. दोन्हीकडे असू शकतात. आपण काही शिंपल्यांवर अन्याय..."

"साहेब," काकू म्हणाल्या, "चला माझ्या टेबलावर."

त्यांनी चाकू तीन द्रावणांत धुतला, मूठसुद्धा. खाडीतले ताजे सहा शिंपले साहेबांच्या डोळ्यांदेखत उघडले. सातवी बाटली कोरी. आणि ह्या वेळी त्यांनी एक आठवीही बाटली ठेवली: तिच्यात शिंपला नाही, पण चाकू मात्र बुडवून काढलेला. साहेब दिवसभर आमच्या खोलीत बसून राहिले. संध्याकाळपर्यंत आठ कागद बाहेर आले. नेहमीची दहा-बारा टोकं शिंपल्यांच्या कागदांवर, आणि त्यापुढे सरळ रेघ. आठही कागदांवर.

"पण तुम्ही कोरी बाटली तर दर वेळी करत होतात," साहेब शेवटी म्हणाले. आवाजात दोष देण्यापेक्षा केविलवाणेपणा जास्त होता.

"करत होते. त्या बाटलीला सगळं दाखवलं, चाकू दाखवला नाही. चूक माझी."

साहेबांचं एक मात्र मानलं पाहिजे, की त्यांनी त्याच संध्याकाळी पत्र लिहून निबंध मागे घेतला. परिषदेला गेले नाहीत. पाचव्या दिवशी खोलीत येऊन म्हणाले, "हे इतरांना कळायला हवं. निम्म्या प्रयोगशाळांत चाकूला कुणी ना कुणी काहीतरी लावत असणार. एक छोटं टिपण पाठवू." मग खिडकीबाहेर बघत पुढे म्हणाले, "त्यावर माझं नाव नको. तुमचंच राहू दे."

फजितीच्या कागदावर कुणाला नाव हवं असतं! मी डोळे वटारले, पण काकूंनी फक्त मान डोलावली.

टिपणाचा कच्चा मजकूर साहेबांनी लिहून दिला. त्यात एक वाक्य होतं: 'तंत्रज्ञाच्या घरी कुटुंबीयांकडून झालेल्या निष्काळजीपणामुळे चाकूस लोकरीची चरबी लागली.' काकूंनी पेन्सिल काढून 'घरी' खोडलं आणि 'कुटुंबीयांकडून' खोडलं.

"पण ते खरं आहे," साहेब म्हणाले.

"घराचा काय संबंध? घरी त्या चाकूने शिंपले उघडले नाहीत. इथे माझ्या टेबलावर उघडले, मी उघडले, नुसत्या साबणाने धुतलेल्या चाकूने. निष्काळजीपणा माझा. तेवढंच लिहा."

महिनाअखेर त्या निवृत्त झाल्या. भाषणात साहेबांनी त्यांना संस्थेचा कणा म्हटलं. आमच्या एकाही प्राण्याला कणाच नसतो हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

ऑक्टोबरमध्ये अंक आला. सव्वा पानाचं टिपण, वर शीर्षक, खाली एकच नाव. मी अंक घेऊन त्यांच्या घरी गेले. काकूंनी तो बघितला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि चहा टाकायला उठल्या. अंक काकांच्या हातात गेला. त्यांनी चष्मा लावला. काकूंचं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं, मग मला वाचून दाखवलं, जणू मी ते पाहिलंच नव्हतं. मग पुढे वाचायला लागले. मला वाटलं पहिल्या ओळीनंतर सोडून देतील. पण छत्तीस वर्षं लेथवर आराखडे वाचलेला माणूस तो, शब्द कळले नाहीत तरी सोडणारा नव्हता. बोट ठेवून तो सव्वा पान संपवत आला.

काकू चहा घेऊन आल्या.

"अगं," काका म्हणाले, "ह्यात चाकूचं लिहिलंय."

"हो."

"कुणाचा चाकू?"

"माझा."

"आणि चरबी कुणाची?"

"मेंढीची," काकू म्हणाल्या. "चहा घ्या, निवतोय."

काकांनी चहा घेतला नाही. चष्मा काढला. "तुझं ते मोठ्या निबंधातलं नाव," ते म्हणाले, "साहेबांनी काढून टाकलं म्हणाली होतीस. ते मी घालवलं."

मी उठायला लागले. काकूंनी मला हाताने खाली बसवलं.

"घालवलंत," काकू म्हणाल्या. "त्या रविवारी मला इतका संताप आला होता की तो डबा खाली रस्त्यावर भिरकावून द्यावासा वाटला. तुमच्यासकट."

"मग बोलली का नाहीस? तीन महिने झाले!"

काकूंनी अंक त्यांच्या हातातून घेतला, मिटला आणि मांडीवर ठेवला. "काय बोलणार होते? मार्चमध्ये मी तुम्हाला जाता जाता एकदा म्हटलं, पातं गंजतंय. एकदाच. तेवढ्यावर तुम्ही जुन्या कारखान्यात जाऊन तो डबा मागून आणलात आणि पुढे एक रविवार चुकवला नाहीत. मी एकदाच म्हटलेलं तिकडे एकतीस वर्षांत कुणी ऐकलं नाही हो."